दुसऱ्या हाताला जमलं पाहिजे

आमच्या प्रयोगशाळेत एक सीनियर होता. त्याच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे. जी रिअ‍ॅक्शन इतरांनी लावली की फ्लास्कच्या तळाशी डांबरासारखा लगदा उरायचा, तीच त्याने लावली की टीएलसीच्या पट्टीवर, म्हणजे मिश्रणात किती पदार्थ आहेत ते दाखवणाऱ्या चाचणीत, एकच स्वच्छ ठिपका यायचा. पीएचडी झाली, तो परदेशी गेला आणि त्याच्या प्रबंधातली एक पायरी पुढे कुणालाच जमेना. माझं सगळं काम नेमकं त्या पायरीवर उभं राहणार होतं. प्रबंधात यील्ड, म्हणजे मिळायला हव्या त्या पदार्थापैकी हाती आलेला भाग, लिहिलं होतं ९२ टक्के. मला पहिल्यांदा १८ टक्के मिळालं, दुसऱ्यांदा ११, तिसऱ्यांदा काहीच नाही. फ्लास्क बदलले, सॉल्व्हंट (विरघळवणारे द्रव) पुन्हा ड्राय केले, तापमान खाली-वर करून पाहिलं. चार महिने गेले. मुलीचा हात अजून बसलेला नाही, असं गाईडना वाटलं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

शेवटी मी त्यालाच लिहिलं. चार-पाच पत्रं इकडून तिकडे झाल्यावर उलगडा झाला. त्या पायरीला लागणाऱ्या सोडियम हायड्राइड या रसायनाची तो वापरायचा ती बाटली वर्षानुवर्षं उघडझाक झालेली, जुनी होती. हवेतल्या ओलाव्याने त्यातल्या थोड्या भागाचं सोडियम हायड्रॉक्साइड झालेलं असणार आणि रिअ‍ॅक्शनला खरा हातभार त्याचाच लागत असणार. मी मात्र दर वेळी इमानेइतबारे नवी सीलबंद बाटली फोडत होते. नव्या हायड्राइडमध्ये मोजून थोडं हायड्रॉक्साइड घातलं आणि ८१ टक्के मिळालं. पुन्हा केलं, पुन्हा तेवढंच मिळालं.

त्या मुलाने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. बाटली जुनी आहे ही गोष्ट लिहिण्याजोगी आहे, हेच त्याच्या मनात आलं नाही, कारण त्याला ते कुणी विचारलंच नाही. गाईडनी विचारलं नाही, पेपर, म्हणजे शोधनिबंध, तपासणाऱ्यांनी विचारलं नाही, पदवी देणाऱ्या विद्यापीठाने विचारलं नाही. सगळ्यांनी पेपर मोजले. त्याचे चार होते.

माझं म्हणणं या चार महिन्यांतून आलेलं आहे आणि पुढच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत ते पक्कं झालं. संश्लेषण करणाऱ्या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनाची किंमत ठरवताना पहिला प्रश्न ‘पेपर किती’ हा नसावा. ‘तुमचं काम तुमच्या नसलेल्या हाताला जमलं का?’ हा असावा. आपल्याकडे हे संशोधन बहुतांशी जनतेच्या पैशावर चालतं आणि त्यातून औषधं होतात. म्हणून हा प्रश्न प्रयोगशाळेच्या चार भिंतींत ठेवण्याचा नाही.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. संश्लेषण म्हणजे बाजारात मिळणाऱ्या साध्या रेणूंपासून एकेक बंध जोडत, तोडत, हवा तो गुंतागुंतीचा रेणू बांधणं. सकाळी आरबी (गोल बुडाचा फ्लास्क) गरम करून कोरडा करायचा, नायट्रोजनचा फुगा लावायचा, रिअ‍ॅक्शन लावायची, तासातासाला टीएलसी बघायची, संध्याकाळी वर्कअप करायचं, म्हणजे मिश्रण धुऊन कच्चा पदार्थ बाहेर काढायचा, रात्री सिलिकाच्या कॉलममधून पदार्थ वेगळा करायचा आणि दुसऱ्या दिवशी रेणूची रचना दाखवणाऱ्या एनएमआर यंत्रावर कळायचं की हवा होता तो हा नव्हेच. अशा वीस पायऱ्या असल्या आणि प्रत्येक पायरीला नव्वद टक्के यील्ड मिळालं, तर शेवटी हाती उरतात बारा टक्के. प्रत्येक पायरी ऐंशी टक्क्यांची असेल तर उरतो जेमतेम एक टक्का. नव्वद आणि ऐंशी यांत कागदावर दहाचाच फरक दिसतो. विसाव्या पायरीवर तो दहापटींहून मोठा झालेला असतो. त्यामुळे एखाद्याने ऐंशीचे नव्वद लिहिले, तर मागून येणाऱ्याचं घर वाळूवर उभं राहतं.

आणि ऐंशीचे नव्वद लिहिले जातात. पाच मिलिग्रॅम पदार्थ तोलताना सॉल्व्हंटचा अंश राहून गेला की आकडा आपोआप फुगतो. तीनदा केलेल्या रिअ‍ॅक्शनमधला सगळ्यात चांगला आकडा छापला जातो, उरलेले दोन नोटबुकात राहतात. यात गुन्हेगारी हेतू क्वचितच असतो. घाई असते, आणि ती कुठून येते ते पुढे बघू.

आधी एक रेणू घेते, कारण या विषयावर माझं मत त्याच्यावरूनच ठरलं. १९६४ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला जेरोम हॉर्विट्झ या रसायनशास्त्रज्ञाने कर्करोगावर औषध म्हणून अ‍ॅझिडोथायमिडीन हा पदार्थ बनवला. कल्पना सुंदर होती: पेशीला डीएनए बांधायला लागणाऱ्या विटेसारखीच दिसणारी, पण पुढची वीट बसू न देणारी खोटी वीट. उंदरांच्या ल्युकेमियावर तिचा काही उपयोग झाला नाही. हॉर्विट्झने पेटंटही घेतलं नाही. कृती मात्र व्यवस्थित लिहून प्रसिद्ध केली आणि तो दुसऱ्या कामाला लागला. आजच्या आपल्या मूल्यमापनात ते काम कुठे बसलं असतं? फसलेला प्रकल्प, शून्य पेटंट, एक पेपर.

सतरा वर्षांनी एड्स आला. १९८५ च्या सुमारास तोच पदार्थ विषाणूला अडवतो असं दिसलं आणि मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. एड्सवरचं ते पहिलं औषध, एझेडटी. वीस वर्षं पडून राहिलेली कृती दुसऱ्यांच्या हाताला जमली, म्हणून हे इतक्या लवकर होऊ शकलं. हॉर्विट्झने ‘नेहमीच्या पद्धतीने केलं’ एवढंच लिहून सोडलं असतं तर काही महिने तरी वाया गेले असते, आणि तेव्हा महिन्यांचा हिशेब माणसांत होत होता.

गोष्टीचा पुढचा भाग आपल्याकडे घडला. आपला पेटंट कायदा १९७० चा. एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला आणि औषधांच्या बाबतीत त्याने पदार्थाचं पेटंट काढून टाकून फक्त कृतीचं ठेवलं. म्हणजे औषध तेच, पण वाट तुमची स्वतःची असेल तर ते बनवायला तुम्ही मोकळे. या एका कलमाने भारतातल्या संश्लेषण करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला देशाच्या आरोग्याच्या मध्यभागी आणून बसवलं. नवी वाट शोधणं हेच तर त्याचं काम. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी एझेडटीची कृती बसवली, सिप्लाने ती उचलली आणि १९९३ मध्ये भारतात औषध आलं. त्या वाटेवरून पुढे जात फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने स्टाव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन आणि नेव्हिरापीन या तीन औषधांचा एकत्रित उपचार एका रुग्णाला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात, ‘मेडिसाँ सां फ्राँतिए’ या वैद्यकीय संस्थेला देऊ केला. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा असा उपचार वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलरला पडत होता. आफ्रिकेत त्या फरकामुळे किती माणसं जगली, याचा विचार केला की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

रामाराव हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आपल्या एनसीएलमध्ये, घडले. १९८५ मध्ये ते हैदराबादला संचालक म्हणून गेले. त्यांचे गुरू प्रा. के. वेंकटरामन. वेंकटरामन १९३० च्या दशकात लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवत असताना त्यांनी रेणूतल्या अणूंची जी पुनर्रचना शोधली, ती आज बेकर-वेंकटरामन या नावाने जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. तिकडे इंग्लंडात बेकर यांनी ती स्वतंत्रपणे शोधली होती. एकमेकांना न विचारता दोन खंडांत दोन हातांना जमलेली रिअ‍ॅक्शन, याहून मोठी पावती नाही. आपल्याकडच्या एमएस्सीच्या प्रात्यक्षिकांत आजही मुलं त्याच वाटेने फ्लॅव्होन नावाचे पदार्थ बनवतात आणि त्यांनाही ते जमतं. वेंकटरामन पुढे माटुंग्याच्या यूडीसीटीचे (मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे) पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७ मध्ये एनसीएलचेही. संततिनियमनाची ‘सहेली’ गोळी ज्यांच्या कामातून आली ते लखनौचे डॉ. नित्या आनंद हेही मुंबईत वेंकटरामन यांच्याच हाताखाली पीएचडी झालेले. लाहोर, माटुंगा, पुण्यात एनसीएल आहे ते पाषाण, हैदराबाद, लखनौ असा हा प्रवास बघितला की कळतं, वेंकटरामन यांनी मागे काय ठेवलं. त्यांनी हात घडवले, आणि आपल्या एकट्याच्या हाताचा गुण म्हणून काही झाकून ठेवलं नाही.

हे कोणत्या तक्त्यात मोजणार?

तक्ते आपण बनवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी ‘एपीआय’ म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे गुण आणले. पेपरला इतके गुण, परिषदेला इतके, पुस्तकाच्या प्रकरणाला इतके. हेतू वाईट नव्हता. वशिल्याला आळा बसावा, काहीतरी मोजता येण्याजोगं असावं, हा होता, आणि वशिला मी पुरेसा पाहिलेला असल्याने तो हेतू मला समजतो. पण ज्याला गुण मिळतात तेच पिकतं. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावातला प्राध्यापक, ज्याच्या कॉलेजात धड फ्युम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट) नाही, जो एनएमआरसाठी नमुने कुरिअरने आयआयटी मुंबईच्या सुविधेकडे पाठवून तीन-तीन आठवडे वाट बघतो, त्यालाही वर्षाकाठी ठरावीक पेपर दाखवावे लागले. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. त्यांना चाळणी लावायला आयोगालाच २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी करावी लागली. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर प्रसिद्ध झालाच पाहिजे ही अट २०२२ च्या नियमांत काढली गेली. नियम गेला, पण सवय राहिली. कित्येक विभागांत आजही पेपर नसेल तर गाईड प्रबंधावर सही करत नाहीत.

त्याच वेळी घड्याळ चालू असतं. जेआरएफची (कनिष्ठ) दोन वर्षं आणि एसआरएफची (वरिष्ठ) तीन, अशी पीएचडी करणाऱ्यांना मिळणारी पाच वर्षांची अधिछात्रवृत्ती. २०२३ पासून ती महिना ३७ हजार आणि नंतर ४२ हजार झाली, हे चांगलंच झालं. पण रेणूला ही मुदत माहीत नसते. सतराव्या पायरीला अडकलेल्या मुलाचं चौथं वर्ष संपत आलेलं असतं, घरी धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं असतं, आणि त्याच्यासमोर दोन पर्याय असतात: ती पायरी का जमत नाही ते नीट शोधायचं, किंवा आधीच्या सोळा पायऱ्यांचा एक पेपर करून टाकायचा. दुसरा पर्याय निवडणाऱ्याला मी दोष देत नाही. पण सतरावी पायरी का फसली ही माहिती त्या मुलाबरोबर नाहीशी होते. पाच वर्षांनी दुसऱ्या राज्यातलं दुसरं मूल त्याच दगडाला ठेचकाळतं, आणि त्या दुसऱ्या ठेचेचा खर्चही आपणच भरतो.

मग करायचं काय? याला उत्तर जुनं आहे, शंभर वर्षांचं. ‘ऑरगॅनिक सिंथेसेस’ नावाचं एक प्रकाशन १९२१ पासून निघतं. अमेरिकेत रॉजर अ‍ॅडम्स यांनी ते सुरू केलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारी रसायनं बंद झाल्यावर तिथल्या विद्यापीठांना आपली रसायनं आपणच बनवावी लागली, त्या गरजेतून ते जन्मलं. त्याचा नियम एकच. तुम्ही पाठवलेली कृती संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी प्रयोगशाळेत प्रत्यक्ष करून बघितली जाते, आणि सांगितल्याप्रमाणे जमली तरच छापली जाते. करून बघणाऱ्याचं नावही छापतात. कृतीखालच्या टिपांमध्ये काय काय असतं ते वाचावं. ढवळणी किती वेगाने, थेंब किती वेळात, रंग कोणत्या क्षणी पिवळ्याचा तपकिरी होतो, कुठे थांबलं तर चालतं आणि कुठे थांबायचंच नाही. आजीने पुरणपोळीची कणीक कशी सैल भिजवायची हे सांगावं, तसं. मला वाटतं, हातगुण शब्दांत उतरवण्याचं याहून प्रामाणिक काम रसायनशास्त्रात दुसरं झालेलं नाही.

बारकावा किती बारीक असू शकतो याचं एक उदाहरण या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत असतं. क्रोमियम क्लोराइड वापरून कार्बन-कार्बन बंध जोडण्याची एक सुरेख पद्धत १९७० च्या दशकाअखेरीस जपानमध्ये नोझाकी आणि हियामा यांनी दिली. ती कधी जमे, कधी जमत नसे. क्रोमियम क्लोराइड कोणत्या बाटलीतलं आहे यावर सगळं अवलंबून. १९८६ मध्ये हार्वर्डचे किशी आणि स्वतः नोझाकी यांच्या गटांनी वेगवेगळे शोध घेऊन दाखवलं की जमणाऱ्या बाटल्यांत निकेलचा अगदी किंचित अंश भेसळ म्हणून असतो आणि काम तोच करतो. तेव्हापासून निकेल मुद्दाम, मोजून घालतात आणि ती रिअ‍ॅक्शन सगळ्यांची झाली. माझी सोडियम हायड्राइडची बाटली यापुढे फारच किरकोळ, पण जातकुळी तीच. ‘का जमत नाही’ या प्रश्नाला जिथे प्रतिष्ठा होती, तिथे त्यातून शोध निघाला.

आपल्याकडे हे करणं अवघड नाही. पीएचडीचा प्रबंध तपासायला जातो तेव्हा त्यातली एक पायरी, विद्यार्थ्याने निवडलेली नव्हे तर परीक्षकाने निवडलेली, शेजारच्या गटातल्या किंवा शेजारच्या संस्थेतल्या विद्यार्थ्याने करून बघावी. चार-पाच दिवस आणि थोडी रसायनं एवढाच खर्च. तोंडी परीक्षेत त्यावर बोलावं. जमली नाही म्हणून पदवी अडवू नये. का जमली नाही ते दोघांनी मिळून शोधावं आणि प्रबंधात जोडावं. करून बघणाऱ्याचं नाव प्रबंधावर यावं आणि त्याला त्याचं श्रेय मिळावं. फसलेल्या रिअ‍ॅक्शनचं एक प्रकरण प्रत्येक प्रबंधात असावं, कितीही लांबलं तरी चालेल. आणि बढतीच्या मुलाखतीत समितीने विचारावं, तुमची कृती तुमच्या गटाबाहेर कुणी वापरली? नावं सांगा. या एका प्रश्नाने जे होईल ते गुणांच्या दहा तक्त्यांनी होणार नाही, अशी माझी खात्री आहे.

यावर एक आक्षेप मी अनेकदा ऐकलाय आणि तो दमदार आहे. तुमच्या या मोजमापात मोठी, वेडी कामं कुठे बसणार? बी-१२ या जीवनसत्त्वाचं उदाहरण देतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ पर्यंत त्याची रचना उलगडली. ती इतकी गुंतागुंतीची होती की हार्वर्डचे वुडवर्ड आणि झ्युरिकचे एशेनमोझर यांनी मिळून, शंभराच्या आसपास सहकारी घेऊन, दहा वर्षांहून अधिक काळ काम केलं तेव्हा १९७२ मध्ये ते संश्लेषण पुरं झालं. त्या वाटेने बी-१२ कुणीही कारखान्यात बनवलं नाही. बाजारातलं बी-१२ जिवाणू बनवतात, तेव्हाही आणि आजही. मग दुसऱ्या हाताला काय जमलं?

फार मोठी गोष्ट जमली. त्या कामात एका ठिकाणी वलय बंद होताना अणूंची मांडणी अपेक्षेच्या उलट येत होती. वुडवर्डनी ते नजरेआड केलं नाही. तरुण सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञ रोआल्ड हॉफमन यांच्याबरोबर त्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९६५ मध्ये वुडवर्ड-हॉफमन नियम आले. आज एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी कागदावर ते नियम लावते आणि कोणती रिअ‍ॅक्शन उष्णतेने होईल, कोणती प्रकाशाने, ते आधी सांगते. हॉफमन यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. वुडवर्ड दोन वर्षं आधी गेले होते. एक नोबेल त्यांना १९६५ मध्ये आधीच मिळालं होतं. माझं मोजमाप ‘उपयोगी औषध झालं का’ असं विचारत नाही. ते विचारतं, मागे असं काही राहिलं का जे दुसऱ्याला उचलता आलं. बी-१२ त्या परीक्षेत पहिल्या नंबरने पास होतं. नापास होतात ती न धड मोठी, न धड उपयोगी अशी कामं, जी एका पेपरपुरती जगतात.

कारखान्यात मी गेले तेव्हा हा प्रश्न विचारावाच लागला नाही, तो समोर उभाच होता. शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये जमलेली रिअ‍ॅक्शन शंभर लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये नेली की आकारमान हजारपट होतं, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. बर्फाच्या घमेल्यात फ्लास्क ठेवून जी उष्णता मुकाट्याने निघून जायची, ती आता आत कोंडते. विद्यापीठात लिहिलेलं ‘हळूहळू घातलं’ हे वाक्य इथे जीवघेणं ठरू शकतं. हळूहळू म्हणजे किती? दहा मिनिटं की सहा तास? तारापूर, डोंबिवली इथल्या स्फोटांच्या बातम्या आल्या की आमच्या पेशातली माणसं वर्तमानपत्र दोनदा वाचतात. माझ्याबरोबर पायलट प्लँटवर असलेले ऑपरेटर काका, दहावी शिकलेले, बॅच शीटवरचा प्रत्येक आकडा मोठ्याने वाचून मगच व्हॉल्व्हला हात लावत. ‘मॅडम, इथे वेळ लिहिलेली नाही,’ असं म्हणून त्यांनी एकदा माझी बॅच थांबवली होती. माझ्या कुठल्याही परीक्षकाने तो प्रश्न मला विचारला नव्हता.

या कारखान्यांत आणि करारावर संशोधन करणाऱ्या कंपन्यांत आपल्या मुलामुलींचं जे काम होतं, त्याचाही उल्लेख करायला हवा. १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधांवर पुन्हा पदार्थाचं पेटंट आलं आणि नवी वाट काढून जुनं औषध बनवण्याचा तो काळ बराचसा आवरला. पुणे, हैदराबाद, बंगळुरू इथे परदेशी औषध कंपन्यांसाठी रेणू बनवून देणाऱ्या प्रयोगशाळा वाढल्या. तिथे एमएस्सी झालेली हजारो मुलं आकड्यांच्या सांकेतिक नावांचे पदार्थ बनवतात. ते कशासाठी आहेत हे त्यांना बहुतेक वेळा सांगितलं जात नाही. त्यांच्या नावावर पेपर नाही, पेटंट नाही. पण त्यांचं प्रत्येक पान दुसऱ्याच्या सहीने साक्षांकित झालेलं असतं आणि त्यांची कृती सातासमुद्रापलीकडच्या हाताला जमावीच लागते, नाहीतर गिऱ्हाईक परत येत नाही. हीच मुलं नंतर विद्यापीठात नोकरी मागायला गेली, की त्यांना विचारतात पेपर कुठे आहेत. देशातले सगळ्यात भरवशाचे हात आपण असे दारातून परत पाठवतो. याचा मला मनापासून राग येतो.

आणि बायका. गरोदरपणात सॉल्व्हंटच्या वाफांपासून लांब राहावं लागतं, राहावंच. बेंचपासून वर्ष-दीड वर्ष दूर गेलेल्या बाईच्या पेपरांच्या रांगेत खंड पडतो आणि निवड समितीला तो खंड तेवढा दिसतो. माझ्यावर ती वेळ आली तेव्हा मी माझ्या जुन्या रिअ‍ॅक्शन स्वच्छ लिहून काढल्या, टिपांसकट, आणि एका ज्युनिअरने त्या टिपांवरून पाच पायऱ्या पुन्हा केल्या. माझ्या बायोडेटात त्या वर्षासमोर रिकामी जागा आहे. त्या वर्षी मी जितकं रसायनशास्त्र केलं तितकं नंतर क्वचितच केलं.

२०२० मध्ये टाळेबंदीत हैदराबादच्या त्याच रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने फॅव्हिपिराविर या औषधाची स्वस्त कृती बसवून सिप्लाला दिली. करोनावर त्या औषधाचा उपयोग किती झाला हा वेगळा वाद आहे आणि तो डॉक्टरांनी करावा. मला दिसली ती तयारी. संकट आल्यावर हात शिकवता येत नाहीत, ते आधीच तयार असावे लागतात. पुढचं संकट कोणत्या रेणूचं असेल ते कुणालाच सांगता यायचं नाही. ज्या कृती आज पन्नास विभागांच्या कपाटांतल्या नोटबुकांत अर्धवट लिहून पडल्या आहेत, त्यांतलीच एखादी तेव्हा लागेल. गाईड निवृत्त झाले की ती कपाटं रिकामी करतात. मी रद्दीच्या तराजूवर नोटबुकं चढताना पाहिली आहेत.

माझ्या प्रबंधाच्या शेवटी सोडियम हायड्राइडच्या त्या बाटलीवर दीड पान आहे. ‘हे काढून टाका, शोभत नाही’ असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. मी हट्टाने ठेवलं. मागच्या वर्षी मराठवाड्यातल्या एका कॉलेजातल्या मुलीचा मेल आला. ओळख ना पाळख. ती वेगळ्याच रेणूवर काम करत होती, तीच पायरी, तीच अडचण. ग्रंथालयाच्या स्कॅनमध्ये तिला ते दीड पान सापडलं होतं. मेलमध्ये टीएलसीच्या पट्टीचा फोटो होता आणि खाली एवढंच लिहिलं होतं: मॅडम, जमलं. ७८ टक्के. दोनदा केलं.